एकच चिठ्ठी सगळ्यांना नको: न्यूक्लिअर मेडिसिन विभागांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील न्यूक्लिअर मेडिसिन विभागांचे प्रमुख डॉक्टर व किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे सोसायटीत, नात्यात आणि स्टाफरूममध्ये लोक माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, आईचा पेट स्कॅन झालाय, बाळाला तिच्याजवळ द्यायचं का?" "आयोडीन घेतलेल्या काकूंनी केलेली पोळी खाल्ली तर चालेल ना?" हे प्रश्न माझ्यापर्यंत यायलाच नकोत. पेशंट तुमच्या विभागातून बाहेर पडतो तेव्हाच त्यांची उत्तरे त्याच्या हातात असायला हवीत. म्हणून हे पत्र, आणि त्यात मागणी एकच. तपासणी किंवा उपचारानंतर जो कागद तुम्ही देता तो मराठीत द्या आणि पेशंटच्या अंगात गेलेल्या किरणोत्सारी औषधाच्या अर्धायुष्याप्रमाणे, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणाऱ्या काळाप्रमाणे द्या. सगळ्यांना एकच छापील चिठ्ठी नको.

हे लिहावे का लागले ते सांगते. गेल्या वर्षी आमच्या घरातल्या दोघींना एकाच केंद्रातून अशी चिठ्ठी मिळाली. केंद्राचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका केंद्रापुरती नाही. अशाच चिठ्ठ्या मी इतरांच्या हातातही पाहिल्या आहेत. सासूबाईंचा बोन स्कॅन होता. धाकटी जाऊ ऐरोलीला राहते, तिच्या थायरॉइडचे काम प्रमाणाबाहेर वाढले होते म्हणून तिला आयोडीनचा डोस दिला. चिठ्ठी दोघींची तीच. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरे पुसट झालेली, शेवटची ओळ कागदाबाहेर गेलेली, मजकूर सगळा इंग्रजीत. चोवीस तास लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून दूर राहा, पाणी भरपूर प्या. औषध कोणते, किती, किती वाजता दिले, यातले काहीही नाही. पेशंटच्या नावाची जागासुद्धा रिकामी.

सासूबाईंनी स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतले. चोवीस तास उलटून गेले तरी बाहेर येईनात. ताट-वाटी वेगळी केली, नातवाशी दारातूनच बोलायच्या, आणि अंगाखालची चादर धुवायला न टाकता फेकूनच द्या म्हणून मागे लागल्या. तिकडे जाऊ चिठ्ठीबरहुकूम वागली. चोवीस तास संपले तशी दीड वर्षाच्या लेकीला कुशीत घेऊन झोपली. तिचे यात काहीच चुकले नाही, कागदावर तेवढेच लिहिले होते. मी केंद्रात फोन केला तेव्हा तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी अगदी आपुलकीने सगळे समजावले. दोघींच्या फाइली काढून डोसचे आकडे सांगितले. जावेने पुढचे बरेच दिवस रात्री मुलीला जवळ घेऊन निजायचे नाही, हेही सांगितले. म्हणजे माहिती त्यांच्यापाशी होती, ती कागदावर उतरली नव्हती. त्या एका रात्रीत बाळाला मोठा अपाय झाला असे मी म्हणत नाही. पण टाळता येण्यासारखा किरणोत्सर्ग टाळायचा, हा तुमच्याच क्षेत्राचा पहिला नियम आहे.

सब घोडे बारा टक्के हा हिशेब इथे का चालत नाही, ते आकड्यांतच बघू. तुम्हाला हे पाठ आहे. पण हे पत्र पेशंटही वाचतील, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

१९०० साली रदरफर्डने थोरियमपासून निघणारा एक वायू तपासला, तेव्हा त्याला दिसले की त्याची किरणोत्सारिता साधारण मिनिटाभरात निम्मी होते, पुढच्या मिनिटाभरात त्या निम्म्याची निम्मी, आणि असेच पुढे. प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाचा असा स्वतःचा काळ असतो, तेच त्याचे अर्धायुष्य. पदार्थ उकळला काय, गोठवला काय, हा काळ हलत नाही. बोन स्कॅनला वापरतात त्या टेक्नेशियम ९९ एमचे अर्धायुष्य सहा तास. पेट स्कॅनसाठी टोचतात त्या एफडीजी नावाच्या औषधातल्या फ्लोरिन १८ चे ११० मिनिटे. आणि थायरॉइडसाठी देतात त्या आयोडीन १३१ चे आठ दिवस. मिनिटे, तास आणि दिवस. ही तीन औषधे चोवीस तासांच्या एकाच ओळीत कशी बसणार?

इथे एक गैरसमज हटकून होतो, माझ्या विद्यार्थ्यांचाही होतो. सहा तासांत निम्मे गेले तर बारा तासांत सगळे जाईल, असे वाटते. तसे होत नाही. बारा तासांनी पाव उरते, अठरा तासांनी आठवा हिस्सा, चोवीस तासांनी सोळावा. दहा अर्धायुष्ये उलटली की मूळच्या १०२४ व्या भागाइतके राहते. सासूबाईंना सकाळी दहाला २० मिलिक्युरी (किरणोत्सारिता मोजायचे एकक) टेक्नेशियम दिले होते. दुपारी चारला १०, रात्री दहाला ५, पहाटे चारला अडीच, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सव्वा. हा झाला निव्वळ विझण्याचा, म्हणजे अणू किरण टाकून आपोआप कमी होण्याचा हिशेब. शिवाय हाडांनी न घेतलेले औषध मूत्रपिंडातून बाहेर पडत असते, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही कमी उरते. पाणी भरपूर प्या ही सूचना त्यासाठीच असते. पण पाणी पिण्याचे कारण कुणी सांगत नाही, मग म्हातारी माणसे रात्री सारखे उठावे लागते म्हणून नेमके पाणीच कमी पितात.

विझणे आणि बाहेर पडणे, दोन्ही मिळून शरीरातला खरा काळ ठरतो. आयोडीनच्या बाबतीत हे समजणे फार गरजेचे आहे, कारण थायरॉइड आयोडीन धरून ठेवते. समजा, एखाद्याच्या थायरॉइडमधले निम्मे आयोडीन बाहेर पडायला २४ दिवस लागतात. दोन्ही वेगांची बेरीज केली (१/८ + १/२४ = १/६) की आठ आणि चोवीस मिळून सहा दिवसांचे परिणामी अर्धायुष्य निघते. चोवीस तासांत अशा माणसाच्या गळ्यातले जेमतेम दहा-अकरा टक्के आयोडीन कमी झालेले असते. सासूबाईंच्या बाबतीत त्याच चोवीस तासांत सोळापैकी पंधरा भाग गेलेले होते.

अजून एक मोजमाप सांगते, वर्गात मुलांना ते पटकन पटते. आपल्या सगळ्यांच्या अंगात पोटॅशियम असते आणि त्यातले थोडे पोटॅशियम ४० मुळातच किरणोत्सारी असते. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला सुमारे ४,००० अणू विझत असतात, जन्मभर. आता २० मिलिक्युरी म्हणजे ७४० मेगाबेक्वेरेल, म्हणजे सुरुवातीला दर सेकंदाला ७४ कोटी अणू. हा आकडा ७४ कोटींवरून ४,००० वर यायला साडेसतरा अर्धायुष्ये लागतात. टेक्नेशियमच्या बाबतीत ते १०५ तास झाले, साडेचार दिवसांपेक्षा कमी, आणि लघवीतून जाणारे यात धरलेलेच नाही. एफडीजीचा १० मिलिक्युरीचा डोस घेतला तर त्याला साधारण ३० तास लागतात. आयोडीनचा तेवढाच डोस धरला तर नुसत्या विझण्याने १३२ दिवस लागतात, सहा दिवसांचे परिणामी अर्धायुष्य धरले तर ९९ दिवस. ही धोक्याची रेषा नव्हे, तुलना ढोबळ आहे, कारण प्रत्येकाच्या किरणांची ऊर्जा वेगळी असते. सावधगिरीही इतके दिवस लागत नाही. पण तीस तास, साडेचार दिवस आणि तीन महिन्यांहून जास्त, असे तीन पेशंट एकाच बाकावर बसलेले असतात आणि तिघांना तोच कागद मिळतो.

कुणी जाणता वाचक विचारेल, टेक्नेशियम ९९ एम विझून त्याचे टेक्नेशियम ९९ होते त्याचे काय? त्याचे अर्धायुष्य तर दोन लाख अकरा हजार वर्षे आहे. ऐकून धडकी भरते. मी मुद्दाम गणित केले. सासूबाईंचा अख्खा डोस शरीरातच राहिला असे धरले तरी त्यातून तयार झालेल्या टेक्नेशियम ९९ चे सेकंदाला दोन-तीन अणू विझतील, त्यांच्या स्वतःच्या पोटॅशियमच्या चार हजारांपुढे. अर्धायुष्य लांबलचक असले म्हणजे दर क्षणाला विझणारे अणू अगदी थोडे असतात. नुसते अर्धायुष्य सांगून भागत नाही, पदार्थ किती आहे तेही सांगावे लागते, म्हणून कागदावर दोन्ही हवे.

लोकांना आणखी एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी आणि ती कुठल्याच चिठ्ठीवर मला दिसलेली नाही. पेशंटच्या अंगातून बाहेर येणारे गॅमा किरण जवळच्या माणसातून आरपार जातात, काही त्याच्या शरीरात शोषले जातात, पण त्यामुळे तो माणूस किरणोत्सारी होत नाही. हा काही संसर्ग नव्हे. इथे उपाय अंतराचा आणि वेळेचा: एका मीटरऐवजी दोन मीटरवर बसले तर किरण साधारण पावपट लागतात. प्रत्यक्ष औषध मात्र लघवीतून बाहेर येते, आयोडीन तर घामातून आणि लाळेतूनही येते. तिथे उपाय स्वच्छतेचा. बसून लघवी करावी, फ्लश दोनदा करावा, हात साबणाने धुवावेत, आयोडीन घेतलेल्याने टॉवेल आणि भांडी काही दिवस वेगळी ठेवावीत. सासूबाईंना हा फरक कुणी सांगितला असता तर चादर फेकायचा हट्ट त्यांनी धरला नसता. सीटी स्कॅनबद्दलही हा घोळ आहे. नुसत्या सीटीनंतर अंगात किरण उरत नाहीत, आणि एमआरआयमध्ये तर असे किरण वापरतच नाहीत. तरी सरसकट सगळ्यांना "मशीनमधून आलेली" म्हणून बाजूला बसवणारी घरे मी पाहिली आहेत.

हे पत्र तुमच्या शास्त्राविरुद्ध नाही, उलट त्यावरच्या विश्वासातून लिहिते आहे. हेव्हेशी या रसायनशास्त्रज्ञाने १९२३ साली किरणोत्सारी शिसे वालासारख्या रोपांत सोडून ते मुळांतून पानांपर्यंत कसे जाते ते पाहिले. ट्रेसरच्या, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाने माग काढण्याच्या, या कल्पनेसाठी त्याला १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली माणसाने घडवले आणि आज ते हाडात कुठे गाठ आहे, हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पोचते, ते दाखवते. निवडही किती नेमकी आहे. बोन स्कॅनचे चित्र टोचल्यानंतर साधारण तीन तासांनी घेतात, कारण औषध हाडात बसायला आणि आजूबाजूच्या मांसातून निघून जायला तेवढा वेळ लागतो. दोन मिनिटांत निम्मा होणारा ऑक्सिजन १५ इथे उपयोगाचा नाही आणि आठ दिवसांचा पदार्थ विनाकारण रेंगाळेल. सहा तासांचा बरोबर बसतो. या तपासणीत शरीराला लागणारा किरणोत्सर्ग सुमारे ४ मिलिसिव्हर्ट (तो मोजायचे एकक) असतो. निसर्गातूनच जगभरातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. एवढ्यासाठी हाडातला कर्करोग वेळेवर कळत असेल तर मी माझ्या माणसाला डोळे झाकून तपासणीला पाठवीन.

आणि हे सगळे आपल्या दाराशी आहे. खाडीच्या एका काठाला ट्रॉम्बेला १९८५ पासूनच्या ध्रुव अणुभट्टीत किरणोत्सारी समस्थानिके तयार होतात, दुसऱ्या काठाला वाशीच्या ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेतून देशभरच्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे जातात. एफडीजीला तर आपली वाहतूकच आडवी येते. ज्या केंद्राकडे ते बनवायला लागणारे सायक्लोट्रॉन यंत्र स्वतःचे नाही त्याला ते गाडीने मागवावे लागते. गायमुखच्या कोंडीत ती गाडी दोन तास अडकली तर निम्म्याहून जास्त औषध वाटेतच संपले. तुम्ही पेशंटला सातची वेळ देऊन साडेसहालाच बसायला सांगता ते यासाठी, हे मला कळते. पण कासारवडवलीहून निघालेल्या, उपाशीपोटी आलेल्या माणसाला कारण कळले नाही की त्याला तो नुसता खाक्या वाटतो. "तुमच्या नावाचे औषध दर ११० मिनिटांना निम्मे होते, म्हणून उशीर नको," एवढे एक वाक्य अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये टाका. लोक वेळ पाळतील.

माझ्या मनाला सर्वांत लागलेली गोष्ट आता लिहिते. तुमच्या विभागात वापरलेल्या सिरिंज आणि कापूस अर्धायुष्याप्रमाणे वेगळे ठेवले जातात. टेक्नेशियमचा डबा वेगळा, आयोडीनचा वेगळा. प्रत्येकावर समस्थानिकाचे नाव आणि तारीख. ठरलेली अर्धायुष्ये उलटल्यावर, मीटर लावून, मगच तो कचरा पुढे जातो. मोठा आयोडीन डोस घेतलेल्या कर्करोगाच्या पेशंटना स्वतंत्र खोलीत ठेवतात, त्यांचे सांडपाणीसुद्धा टाकीत विझेपर्यंत साठवतात. तुमच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची ही शिस्त तुम्ही पाळता याबद्दल मला आदरच आहे. मग डब्यावर जे नाव आणि जी तारीख लिहिता तीच घरी जाणाऱ्या माणसाच्या कागदावर का नाही? डबा तर कुणाला कुशीत घेऊन झोपत नाही.

कागदावर काय हवे ते माझ्या मते असे. वर पेशंटचे नाव, औषधाचे नाव देवनागरीत, किती दिले, कोणत्या तारखेला आणि किती वाजता, आणि त्याचे अर्धायुष्य. मग "इतके तास" न लिहिता थेट घड्याळाची वेळ लिहावी: आज रात्री आठपर्यंत बाळाला मांडीवर घेऊ नका. सकाळी नऊला एफडीजी टोचले असेल तर आठ वाजता सहा अर्धायुष्ये झालेली असतात, चौसष्टावा भाग उरलेला असतो, आणि आजीला दुसऱ्या दिवशी मनात किंतु न ठेवता नातवंडांत बसता येते. आयोडीनवाल्यांना तारखा द्याव्यात: अमुक तारखेपर्यंत वेगळे झोपा, अमुक तारखेपर्यंत लहान मुलाला फार वेळ जवळ घेऊ नका, पहिले काही दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक टाळा. डोसप्रमाणे आणि घरातल्या माणसांप्रमाणे या तारखा बदलतील, म्हणूनच त्या हाताने भराव्या लागतील.

अंगावर पाजणाऱ्या आईचा रकाना वेगळा हवाच. टेक्नेशियमच्या बहुतेक औषधांत प्रश्न फार तर काही तासांचा असतो. आयोडीन १३१ नंतर मात्र त्या बाळाला पुन्हा अंगावर पाजता येत नाही आणि पाजणे उपचाराच्या काही आठवडे आधीच थांबवावे लागते, कारण दूध तयार करणारे स्तन आयोडीन खेचून घेतात. हे बाईला डोसच्या दिवशी सकाळी कळून उपयोग नाही. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आयोडीन देतच नाहीत, नंतरही साधारण सहा महिने दिवस राहू न देण्याचा सल्ला असतो. घरात सासू-सासरे, दीर बसलेले असताना हे तोंडी सांगितले जात नाही, ऐकलेही जात नाही. कागदावर असेल तर बाई एकटी शांतपणे वाचते.

आणखी दोन बारीक गोष्टी. परदेशी जाणाऱ्यांना एक पत्र द्यावे, कारण कित्येक विमानतळांवरची यंत्रे आयोडीन घेतलेल्या माणसाला काही आठवड्यांनीसुद्धा टिपतात. आणि एक फोन नंबर, जो रात्री उचलला जाईल.

यावर तुमच्यापैकी काहींचे म्हणणे मी ऐकले आहे: जास्त लिहिले की लोक जास्त घाबरतात. माझा वर्गातला अनुभव उलटा आहे. भीती आकड्याने वाढत नाही, मोघमपणाने वाढते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट ६० मुळे एका कामगाराचा जीव गेला. त्या कोबाल्टचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे, आणि तो प्रचंड प्रमाणात होता. लोकांच्या मनात हे असते आणि ते चुकीचे नाही. फक्त ते भय सासूबाईंच्या सहा तासांच्या टेक्नेशियमला लावायचे नसते, हे त्यांना कळायला दोन्हींचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. लपवून ते कसे कळणार?

वेळेची अडचण खरी आहे. सकाळची गर्दी, एकच तंत्रज्ञ, बाहेर ताटकळलेले पेशंट, हे मी पाहिले आहे. म्हणून डॉक्टरांनी अर्धा तास समुपदेशन करावे असे मी म्हणतच नाही. टोचल्यावर पेशंट तसाही शांत खोलीत तासभर बसलेला असतो. तेव्हा त्याच्या हातात कागद दिला तर तो वाचेल, आणि जाताना एखादा प्रश्न विचारेल.

टेक्नेशियम, एफडीजी आणि आयोडीन यांचे तीन वेगळे मसुदे मी सोप्या मराठीत लिहून ठेवले आहेत. अक्षर मोठे आहे, म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय निदान तारीख दिसावी म्हणून. तासांच्या आणि दिवसांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत, कारण ते आकडे ठरवण्याचा अधिकार तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा आहे, भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेचा नाही. ज्या विभागाला हवे असतील त्यांना मी स्वतः आणून देईन. तुमच्या अधिकाऱ्यांनी ते तपासावेत, चुकले असेल तिथे खोडावे, आणि आपल्या विभागाच्या नावाने छापावेत. त्यावर माझे नाव नको. आयोडीनचा मसुदा आधी घ्यावा अशी विनंती आहे, कारण सर्वांत लांब काळ त्याचाच आहे आणि घरी लहान मूल असलेल्या बायका त्यात पुष्कळ असतात.

आपली,
ठाण्यातील एक भौतिकशास्त्र शिक्षिका